ठिपका वर

उत्कर्षाला मुलं 'ताई' म्हणत, आणि द्वारकाबाईंचं डोकं फिरायला सुरुवात झाली ती तिथूनच.

ताई! शाळेत कुणी कुणाची ताई असते का? बिबवेवाडीतल्या या शाळेत द्वारकाबाई विज्ञान शिकवत होत्या त्याला इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींच्या मुली आता पाचवीत येऊन बसत होत्या. या सगळ्या काळात त्या 'बाई' होत्या. नुसतं 'बाई आल्या' म्हटलं की वर्ग चिडीचूप. आणि ही कालची पोरगी जूनमध्ये अमरावतीकडून आली काय, सातवी ब तिच्या पदरात पडली काय, आणि जुलै संपायच्या आत अख्ख्या मजल्याची ताई झाली काय!

बरं, बोलणं तरी कसं? "काय करून राहिले रे?" असं ती मुलांना विचारायची. मुलांना ते इतकं आवडलं, की द्वारकाबाईंच्या स्वतःच्या सातवी अ मधला तेजस एकदा वहीवरून मान वर करून म्हणाला, "बाई, मी लिहून राहिलो."

"राहिलास ना? मग आता लिही," बाई म्हणाल्या. वर्ग हसला, पण बाईंना काही हसू आलं नाही. आपल्या वर्गातसुद्धा ही बया शिरली, हे त्यांच्या मनाला लागलं.

खरं दुखणं मात्र निराळं होतं. सरपटणारे प्राणी हा द्वारकाबाईंचा हुकमाचा एक्का होता. नागपंचमीच्या आसपास त्या हा धडा काढायच्या, आणि त्या दिवसांत दुसऱ्या वर्गातली मुलं पाणी प्यायच्या निमित्ताने यांच्या खिडकीशी रेंगाळायची. साप दूध पीत नाही. साप पुंगीवर डोलत नाही, त्याला पुंगी हलताना दिसते म्हणून तो हलतो. पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. भिंतीला ती चिकटते ती पायाखालच्या बारीक केसांमुळे, डिंक वगैरे काही नसतो. आणि शेवटी, आवाज खाली आणून, "साप डूख धरत नाही, बाळांनो. डूख धरायला झाल्यागेल्याची आठवण ठेवावी लागते. साप बिचारा माणूस बघतो, घाबरतो आणि पळतो. वर्षानुवर्षं मनात धरून बसणं हा माणसांचा उद्योग." मुलं खूश व्हायची. बाईही खूश व्हायच्या.

त्यांच्या वर्गाचा आणखी एक नियम शाळेत सगळ्यांना ठाऊक होता. ज्याचं चुकलं त्याने फळ्याशी यायचं, आपली चूक आपल्या हाताने पुसायची आणि मोठ्याने म्हणायचं, "माझं चुकलं." कुणी हसायचं नाही. मग बाई म्हणायच्या, "बस. विषय संपला." आणि खरोखरच संपायचा. त्या पुन्हा कधी ती चूक काढायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या वर्गात मुलं चुकायला घाबरत नसत, आणि याचा बाईंना मनातून फार अभिमान होता.

आणि यंदा काय झालं? उत्कर्षा एकदा भिंग मागायला आली. द्वारकाबाईंनी प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटाची किल्ली दिली. तिने सूक्ष्मदर्शकाची पेटी पुढे ओढली, तर मागे पालीची दोन अंडी! पांढरीशुभ्र, हरभऱ्याएवढी. दुसरी एखादी किंचाळली असती. हिने ती अलगद उचलली, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बारीक वाळू घालून त्यात ठेवली, वर जाळीचं फडकं बांधलं आणि डबा खिडकीत मांडला. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेबाहेर रांग. सातवी ब ची मुलं पाळ्या लावून राखण करायची आणि पाचवीच्या पोरांना ऐटीत समजावून सांगायची. मुख्याध्यापिका बाईसुद्धा येऊन वाकून बघून गेल्या. "किती छान उपक्रम!" म्हणाल्या.

"कपाट माझं," द्वारकाबाई शिक्षक-खोलीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, "आणि जत्रा हिच्या दारात."

हेमाबाई मराठी शिकवायच्या आणि बोलायला कुणाच्या बापाला भीत नसत. पोळीचा घास मोडत त्या म्हणाल्या, "अहो, मग पालीनेच चूक केली म्हणायची. आपली परवानगी घेऊन घालायला हवी होती."

"मला काय करायचंय? पाली काय, घरोघरी आहेत."

"तेच म्हणते मी. मग एवढं तोंड का उतरलंय?"

द्वारकाबाई उठून हात धुवायला गेल्या. पोटात दुखत होतं, सरळ सांगायचं तर. जळफळाट होत होता. या वयात, एवढा मान असताना, एका अठ्ठावीस वर्षांच्या पोरीवरून! त्यांना स्वतःची लाज वाटायची आणि लाज वाटली की आणखी राग यायचा, तोही उत्कर्षाचाच.

त्यात शिक्षक दिन जवळ आला. या शाळेत त्या दिवशी सातवीची मुलं शिक्षक होतात आणि पाचवीला शिकवतात. खरे शिक्षक वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतात आणि आपली नक्कल बघतात. पण खरी गंमत त्याच्या आधीच्या आठवड्यात असते. ज्या मुलीला जी बाई व्हायचं असेल तिने त्या बाईंकडे जाऊन विचारायचं, "बाई, यंदा मी तुम्ही होऊ का?" मग बाईंनी आपली एक साडी तिला त्या दिवसापुरती द्यायची.

द्वारकाबाईंची साडी ठरलेली होती. जांभळी इरकल. दरवर्षी ती मागायला दोघी-तिघी यायच्या, कधी भांडणं व्हायची, चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. बाई वरवर वैतागायच्या, "काय मेलं नाटक!" म्हणायच्या, आणि आठ दिवस आधीच साडीला इस्त्री करून ठेवायच्या. साडी परत यायची ती घडी घालून, वर सोनचाफ्याचं फूल ठेवून.

यंदाही त्यांनी इस्त्री केली. आनंदराव, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "कोण होणार आहे यंदा द्वारकाबाई?"

"येतील की. घाई काय आहे?"

साडी पिशवीत घालून त्या सोमवारी शाळेत गेल्या. कुणी आलं नाही. मंगळवारी तासाला मुद्दाम म्हणाल्या, "शिक्षक दिनाची तयारी कुठवर आली?" मुली एकमेकींकडे बघून गालात हसल्या, पण 'तुम्ही होऊ का' असं कुणी विचारलं नाही. बुधवारी पिशवी नेली आणि आणली. गुरुवारीही तेच. आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत जिन्याशी बघतात तो काय! उत्कर्षाभोवती मुलींचा घोळका. "ताई, मी! ताई, मला निळा कुर्ता! नाही ताई, ती आधीच वर्गनायक आहे, आता मी!" आणि त्यात दोन मुली चक्क सातवी अ मधल्या. द्वारकाबाईंच्या वर्गातल्या!

उत्कर्षाला हसू आवरत नव्हतं. तिने द्वारकाबाईंना पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "पाहा ना बाई, काय करून राहिल्या ह्या! तुम्हीच सांगा ह्यांना काही."

ती सहज बोलली. पण द्वारकाबाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की त्या तडक वर निघून गेल्या.

शेवटच्या तासाला त्या लिटमस कागद आणायला प्रयोगशाळेत गेल्या. तिथे कुणी नव्हतं. राखणीची मुलं खेळाच्या तासाला मैदानावर होती. खिडकीत श्रीखंडाचा डबा होता.

त्यांनी फडकं सोडलं. दोन अंडी वाळूत शेजारी शेजारी होती, आणि दोन्हींवर वरच्या बाजूला पेन्सिलीचा एकेक बारीक ठिपका होता.

ठिपका कशासाठी ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कोंबडी आपली अंडी दिवसभर फिरवत असते. फिरवली नाहीत तर बिघडतात. पालीचं उलट. ती अंडी घालून निघून जाते, आणि ती जशी पडली तशीच राहायला हवीत. आतला जीव वरच्या बाजूला कवचाला चिकटून वाढायला लागतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर तो तुटतो किंवा गुदमरतो. म्हणून वरची बाजू कोणती त्याची खूण करून ठेवायची. हात लागलाच तर ठिपका वर ठेवायचा.

हुशार आहे हो, द्वारकाबाई मनात म्हणाल्या. एवढंही माहीत आहे तर बयेला.

त्यांच्या कंपासपेटीत खोडरबर होता. त्यांनी एक अंडं बोटांच्या चिमटीत धरलं, ठिपका खोडला, अंडं उलटं करून ठेवलं आणि जी बाजू आता वर आली तिच्यावर पेन्सिलीने ठिपका दिला. मग दुसरं. फडकं बांधलं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं? चांगलं बरं वाटलं. बसा आता रांगा लावून, काही बाहेर येणार नाही. घरी जाताना त्यांनी बाजारातून कोथिंबीर घेतली, भाजीवाल्याशी दोन शब्द हसून बोलल्या. रात्री जेवणही नीट गेलं.

शनिवार-रविवार असाच गेला. मनात एकदोनदा पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण त्यांनी स्वतःला समजावलं, की दोन पालीची अंडी! लोक झाडूने पाली मारतात, त्यांना कुणी विचारतं का?

सोमवारी शाळा भरायच्या आधी शिक्षक-खोलीच्या दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. राजनंदिनी. सातवी ब. पाचवीत असताना ती द्वारकाबाईंच्या वर्गात होती. आता चेहरा उतरलेला, हातावर सलाइनची पट्टी काढल्याची खूण.

"काय गं, कुठे होतीस?"

"डेंग्यू झाला होता बाई. आठवडाभर दवाखान्यात होते. आजसुद्धा आई नको म्हणत होती." तिने दम घेतला. "बाई, यंदा मी तुम्ही होऊ का?"

द्वारकाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मी? अगं, सगळ्यांना उत्कर्षाताई व्हायचंय ना?"

"सगळ्यांना कुठे? मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुलैतच. द्वारकाबाई माझ्या, कुणी विचारायला गेलात तर बघा. सातवी अ मधल्या दोघी ऐकतच नव्हत्या, त्यांना तर मी दम दिला. मग त्या ताईंकडे गेल्या." ती हसली. "मला वाटलं, आठवडाभर मी नाही म्हणून कुणी मध्ये घुसली की काय. नाही ना दिली साडी कुणाला?"

साडी पिशवीतच होती. द्वारकाबाईंनी ती काढली. तिच्या हातात दिली.

"धडा कोणता घेणार आहेस?"

"पालीचं अंडं!" राजनंदिनीचे डोळे चमकले. "तुम्ही पाचवीत शिकवलं होतं ना, कोंबडीचं फिरवायचं आणि पालीचं फिरवायचं नाही? ताईंना ते ठाऊकच नव्हतं, बाई. अंडी सापडली त्या दिवशी ताई म्हणाल्या, रोज एकदा फिरवू या, सगळीकडून ऊब मिळेल. मी म्हटलं, अजिबात नाही! द्वारकाबाईंनी सांगितलंय. मग ताईंनी पुस्तकात शोधलं आणि त्यांना ते पटलं. ठिपके मीच दिलेत. ताई सगळ्यांना सांगतात, ही अंडी द्वारकाबाईंमुळे वाचली."

द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. "बरं. जा, वर्ग भरेल."

मुलगी साडी छातीशी धरून पळाली. द्वारकाबाई प्रार्थनेची घंटा चालू असतानाच प्रयोगशाळेत गेल्या. डबा उघडला. अंडी होती तशीच. त्यांच्या हाताने दिलेले दोन ठिपके वर होते, जरा जाड, जरा काळे.

परत उलटी करावीत का? त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मधे तीन दिवस गेले होते. आतलं काही जगलं असेल, नव्या बाजूला सावरलं असेल, तर पुन्हा फिरवणं म्हणजे पुन्हा मारणं. आणि नाही फिरवलं तर? इतकी वर्षं शिकवत आलेल्या बाईंना याचं उत्तर माहीत नव्हतं. 'अंडं फिरवू नका' एवढंच त्या शिकवत आल्या होत्या. फिरवल्यावर काय करायचं, हे विचारायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या फडकं बांधून वर्गावर गेल्या.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत राजनंदिनीने ठिपके ओळखले. "हे माझे नाहीत," ती म्हणाली. "मी टोक लावून बारीक दिले होते. आणि अंड्याच्या खालच्या कडेला खोडल्याचा राखी डाग आहे, बघा." ती हट्टाने तेच म्हणत राहिली. उत्कर्षाचा चेहरा पडला. रांगेत पाचवीची मुलं असायची. त्यातल्याच कुणीतरी खेळता खेळता केलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. उत्कर्षा कुणाला ओरडली नाही. शिक्षक-खोलीत येऊन ती द्वारकाबाईंच्या शेजारी बसली.

"माझीच चूक आहे बाई. कुलपात ठेवायला पाहिजे होती. पोरांना काय कळते?" ती जरा पुढे सरकली. "जगतील का हो? तुम्हालाच माहीत असेल."

"बघू," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. समोरून हेमाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी नेहमीसारखा काही टोमणा मारला नाही, हेच द्वारकाबाईंना जास्त बोचलं.

शिक्षक दिनाला सकाळची शाळा होती. पाचवीचा वर्ग फुगे लावून सजवलेला. द्वारकाबाई शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसल्या. आणि दारातून जांभळी इरकल आत आली. साडी कमरेला चार ठिकाणी पिना लावून आवळलेली, चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात डस्टर.

"बसा," राजनंदिनी म्हणाली. मुलं बसली. "मी बसा म्हटल्यावर बसायचं, आधी नाही. उठा परत."

वर्ग खो खो हसला. द्वारकाबाईंनाही हसू आलं. तोच आवाज, तीच मान तिरपी करायची खोड. बोटाने खडू हवेत उडवून झेलायची लकबसुद्धा. पोरीने काहीही सोडलं नव्हतं. हे सगळं तिने कधी बघितलं, किती बारीक बघितलं, असं द्वारकाबाईंना वाटलं.

राजनंदिनीने फळ्यावर दोन अंडी काढली. एक मोठं, कोंबडीचं. एक छोटं, पालीचं. छोट्यावर वर ठिपका दिला आणि कोंबडीचं का फिरवायचं, पालीचं का नाही, ते समजावून सांगितलं. द्वारकाबाईंच्याच शब्दांत, पण जरा जास्तच छान. मग तिने खडू खाली ठेवला.

"आता ऐका. आपल्या प्रयोगशाळेतली अंडी कुणीतरी फिरवली आहेत. माझे ठिपके खोडून दुसरे दिलेत. मी ओरडणार नाही. बाईंच्या वर्गात काय नियम आहे?"

"ज्याचं चुकलं त्यानं फळ्याशी यायचं!" मुलं एका सुरात ओरडली.

"कोण येतंय?"

कुणी हललं नाही. मग दुसऱ्या बाकावरची सलोनी, वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, रडवेल्या चेहऱ्याने उभी राहिली. "मी... मी एकदा डबा हलवला होता. आतून आवाज येतो का बघायला." ती फळ्याकडे चालायला लागली.

द्वारकाबाई उठल्या. बाकाला गुडघा आपटला तो त्यांना कळलाही नाही.

"सलोनी, बस बाळा. तू नाहीस."

त्या बाकांमधून पुढे गेल्या आणि फळ्याशी उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, हा नाटकाचाच भाग आहे. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. राजनंदिनीही हसून म्हणाली, "काय गं, तुझं काय चुकलं?"

"अंडी मी फिरवली," द्वारकाबाई म्हणाल्या. "ठिपके मी खोडले."

राजनंदिनीचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. कपाळावरचा चष्मा तिने खाली ओढून काढला. आता ती बाई राहिली नव्हती, बारा वर्षांची मुलगी होती. "तुम्ही? पण तुम्हाला तर माहितीये..."

"माहिती होतं. म्हणूनच फिरवली."

"का, बाई?"

"मला तुमच्या ताईंचा हेवा वाटला." द्वारकाबाई मुलांना कळावं तसं बोलल्या, धडा सांगतात तसं. "सगळी मुलं त्यांच्याकडे जातात असं वाटलं. माझी साडी मागायला कुणी येत नाही असं वाटलं. राग आला. तो राग मी अंड्यांवर काढला."

राजनंदिनीने हातातला डस्टर पुढे केला. कशाला ते तिलाही कळलं नसावं, नियमच होता तसा. द्वारकाबाईंनी तो घेतला आणि फळ्याकडे वळल्या. तिथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं. फळ्यावर होतं ते सगळं बरोबर होतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. पुढे काय म्हणायचं ते राजनंदिनीला पाठ होतं, अख्ख्या वर्गाला पाठ होतं. ती साडीच्या निऱ्या मुठीत धरून उभी होती.

"बसा, बाई," ती म्हणाली.

'विषय संपला' हे ती म्हणाली नाही. द्वारकाबाई थोडा वेळ थांबल्या, आणि मग मागे जाऊन बसल्या. उरलेला तास मुलीने नक्कल न करता घेतला, अगदी साध्या आवाजात. तोही चांगलाच घेतला.

शाळा सुटल्यावर द्वारकाबाई उत्कर्षाला शोधत प्रयोगशाळेत गेल्या. तिच्या कानावर आलंच होतं. ती डब्यापाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "बाई, मी आल्यापासून तुमचे धडे ऐकून राहिले. तुमच्या वर्गाबाहेर उभी राहून. तुम्हाला माहीत नाही." तिने डब्यावरचं फडकं नीट केलं. शेवटी म्हणाली, "आता काय करायचं ह्यांचं?"

"काही नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात लावायचा नाही. वाट बघायची. जगली तर जगली." आणि जरा थांबून, "रोज मी पण येईन बघायला. चालेल का?"

उत्कर्षाने डबा खिडकीच्या कडेला थोडा सरकवला. दोघींना उभं राहता येईल एवढी जागा झाली.

सोमवारी राजनंदिनी साडी परत घेऊन आली. चोख घडी घातलेली. वर सोनचाफा नव्हता. तिने साडी टेबलावर ठेवली, पण गेली नाही, तिथेच घुटमळली.

"बाई, पिन अडकून पदर फाटलाय. बारीक आहे. घडीत दिसत नाही."

"मग कशाला सांगितलंस?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मला कळलंही नसतं."

राजनंदिनीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली, आणि अंडी बघायला पळाली.